पलीकडे साखर का गेली नाही?

सुज्ञ वाचकहो, गर्भाच्या नावाने चाललेले एक किळसवाणे ढोंग व त्याचा लागलेला निकाल प्रस्तुत कथेत यथामती सादर करीत आहे. सांगताना मन विटते. तथापि सांगणे हे कर्तव्य होय.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे गर्भवती, त्यांच्यामागे सासवा आणि भिंतीला टेकून नवरेमंडळी. मंचावर कवचमहाराज विराजमान होते. दाढी तेलकट, नखांत काळी घाण. पुढ्यात काचेची पेटी व तिच्या मधोमध पातळ पडदा.

"ही आईची बाजू, ही बाळाची. मधली ही वार, एका पुण्यवतीने दिलेली!"

त्यांनी आईच्या बाजूस लाल औषध ओतले आणि थुंकी उडवीत मंत्र पुटपुटले. लांबलचक प्रवचन संपले, तरी बाळाची बाजू नितळच!

"पाहिलंत? माझं रक्षाजल प्या, मग कुठलंही औषध बाळाला शिवणार नाही. माझं काळं चूर्ण बिनधास्त घ्या!"

श्रोत्यांत बसलेल्या ताईला हे ऐकवेना. औषधे वारेतून, म्हणजे आई व गर्भ यांना जोडणाऱ्या अवयवातून, बाळापर्यंत किती जातात, हे प्रयोगशाळेत तपासणे हाच तिचा व्यवसाय होता. बाळंतिणीच्या संमतीने मिळालेली वार तेथे उबदार ठेवीत, तिच्या दोन्ही अंगांना नळ्या जोडीत आणि एकीकडे सोडलेले औषध दुसरीकडे किती उतरले ते मोजीत. शेजारी बसलेली तिची वहिनी सातव्या महिन्यात होती व पाठदुखीवर तेच काळे चूर्ण रोज घेत होती. त्यात काय आहे, हे कोणासही ठाऊक नव्हते.

"वहिनी, निदान डॉक्टरीणबाईंना विचार गं."

"वन्सं, बाळापर्यंत जातच नाही म्हटल्यावर भीती कसली?"

"चार बुकं शिकली, निघाली महाराजांना शिकवायला!" पलीकडे बसलेली ताईची आई फिसकारली.

तेव्हा ताईला आपल्या प्रयोगशाळेचा पहिला नियम स्मरला. नवे औषध तपासण्यापूर्वी, जो पदार्थ पलीकडे हमखास जातो तो सोडून पाहायचा. तोही अडला, तर वार नव्हे, प्रयोगच खोटा. ती उठून उभी राहिली.

"महाराज, पेटी धुऊन आईच्या बाजूला साखरेचं पाणी ओतू का?"

"ओत, पोरी! माझ्या कवचापुढे साखर काय नि विष काय, सारं सारखंच!"

पाणी ओतले गेले. पुन्हा मंत्र, पुन्हा तेवढेच लांबलचक प्रवचन. ताईने आईलाच पुढे बोलावले. "आई, बाळाच्या बाजूचं पाणी चाखून बघ."

आईने बोट बुडवून जिभेला लावले. "साधं पाणी! गोडाचा लवलेशही नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला व बायकांनी पेटीपुढे कपाळ टेकले. महाराजांची छाती फुगली. टाळ्या ओसरेपर्यंत ताई थांबली.

"बाळाला साखरसुद्धा पोचत नाही, तर मग पोटात ते वाढतं कशावर? महाराजांच्या प्रवचनावर?"

मागून एक सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे उपाशीच की!"

"ती दैवी साखर..." महाराज चाचरले. ताईने पडदा ओढून काढला व उजेडात धरला. भाजीच्या पिशवीचे प्लास्टिक! ज्याला बायकांनी कपाळ टेकले, ते हे! आईने बोट पदराला खसाखसा पुसले.

"खऱ्या वारेतून अन्न जातं, प्राणवायू जातो आणि पुष्कळ औषधंही जातात," ताई म्हणाली. "काही थोडी, काही फार. आम्ही एवढं मोजूनही हे औषध निर्धोक आहे असं छातीठोकपणे सांगत नाही. आणि हा सांगतो!"

वहिनीने चूर्णाची पुडी ताईच्या हाती दिली. "वन्सं, माझ्या बाळाला काही झालं नसेल ना?"

"ते मी कसं सांगू? चल, आत्ताच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. पुडीही दाखवू."

मागल्या दाराने निसटू पाहणाऱ्या महाराजांना नवरेमंडळींनी अडवून धरले. आई मात्र तिकडे न पाहता सुनेचा हात धरून बाहेर पडली.

वाचकहो, गर्भवतीने औषध घ्यावे की थांबवावे, हे डॉक्टरांनाच विचारावे. आणि कोणी चमत्कार दाखविल्यास हात जोडण्याआधी एक प्रश्न अवश्य करावा. प्रश्नाने जो चाचरतो, त्याच्यापासून लेकीसुनांना दूर ठेवावे.

येथवर वाचल्याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
बापू बुकबाइंडर