‘बरं आहे’ म्हणणारा टॅबलेट

मी एक जुना, लहानसा टॅबलेट आहे. आकाराने शाळेच्या वहीपेक्षा थोडा कमीच. एका कोपऱ्यात माझी काच तडकली आहे. मित्रांनो, माझ्यावर कोणी खेळ खेळले नाहीत, सिनेमे पाहिले नाहीत. मी एका माणसाचा आवाज होतो. त्याचीच ही हकिगत. मला हसू येत नाही आणि रडूही येत नाही, म्हणून घडले तसे सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यावर काच बसवली, धूळ झटकली आणि मला खोक्यात ठेवले. दुकानात माझी जागा सर्वांत खालच्या फळीवर होती. वर चकचकीत, मोठे टॅबलेट. गिऱ्हाईक वाकून माझी किंमत बघायचे, "स्वस्तातला आहे," म्हणायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे.

एके दुपारी एक बाई आली. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिने पिशवीतून एक ॲप्रन काढला. पुढे रुंद खिसा असलेला, सलूनमध्ये घालतात तसा.

"बाबांसाठी हवाय," ती म्हणाली. "घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवेल असा द्या. आपल्या भाषेत."

दुकानदाराने वरच्या फळीला हात घातला. "ताई, थोडे जास्त गेले तरी हाच घ्या. कॅमेरा बघा काय सुंदर आहे!"

"कॅमेऱ्याने काय बोलणार आहेत माझे बाबा?"

तिने तो मोठा टॅबलेट ॲप्रनच्या खिशात घालून पाहिला. अर्धा बाहेरच राहिला. दुसरा मावला, पण त्याच्या वजनाने ॲप्रन खाली ओढला गेला. तिसऱ्याचा आवाज पंख्याच्या घरघरीत बुडाला. शेवटी ती माझ्याकडे वाकली. मी खिशात नीट बसलो. तिने माझ्यावर काहीतरी लिहिले आणि मी खणखणीत बोललो, "मान जरा खाली घ्या." दुकानातल्या दोघातिघांनी खरोखरच माना खाली घातल्या.

"हाच द्या," ती म्हणाली.

तिच्या वडिलांचे सलून होते. कात्रीपेक्षा त्यांची जीभ जास्त चालते, असे गिऱ्हाईक म्हणायचे. त्यांचे नावच मुळी ‘रेडिओ’ पडले होते. मला खिशात घालून ते पहिल्यांदा कामावर आले, तेव्हा खुर्चीतले आजोबा म्हणाले, "काय रे रेडिओ, स्टेशन बदललंस वाटतं!"

बाबांनी कात्री बाजूला ठेवली, माझ्यावर लिहिले आणि कळ दाबली. मी बोललो, "हे स्टेशन बंद करता येतं. जुनं बंद होत नव्हतं."

सगळे हसले. माझे कौतुक झाले.

पण ऐकणाऱ्यांना धीर नसतो. बाबांची एखादी गंमत लिहून होईपर्यंत बोलणे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. मग मी ती गंमत सांगायचो आणि कोणाला संदर्भच लागायचा नाही. हळूहळू त्यांनी लिहिणे सोडले. ‘मान खाली’, ‘पुन्हा या’, ‘बरं आहे’ अशी थोडी वाक्ये माझ्यात साठवून ठेवली. एक बोट लावले की काम झाले.

घरीही तेच. लेक थकून यायची, पाठमोरी भांडी घासता घासता विचारायची, "बाबा, बरं आहे ना?" बाबा बोट लावायचे. मी म्हणायचो, "बरं आहे." ती मागे वळायची नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तसे त्या घराचे झाले होते. दुखत नव्हते, एवढेच.

मग बाबा पुन्हा लिहू लागले. बोलण्यासाठी नव्हे. ‘घशाशी गाठ लागतेय,’ असे लिहायचे, बघत बसायचे आणि एकेक अक्षर पुसून टाकायचे. स्वयंपाकघरातून प्रश्न आला की ‘बरं आहे’ला बोट लावायचे. मी यंत्र. पुसलेले मला बोलता येत नाही. मला सांगितले तेवढेच मी बोललो.

पुढे सलूनमध्ये माझ्यावर दाढीच्या फेसाचे पाणी सांडले आणि माझा आवाज अडखळू लागला. एका संध्याकाळी तो पुरता गेला. लेकीने विचारले, "बाबा, बरं आहे ना?" बाबांनी बोट लावले. मी गप्प. तिने पुन्हा विचारले. बाबा पुन्हा पुन्हा बोट लावत राहिले.

"बाबा?"

ती ओल्या हातांनी वळली. बाबांचा दुसरा हात घशावर होता. त्यांनी मला उचलून तिच्यासमोर धरले, पडद्यावर ‘बरं आहे’ ही अक्षरे होतीच. तिने ती वाचली नाहीत. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हे राहू द्या. खरं काय ते लिहा."

तिने स्टूल ओढले आणि ती समोर बसली. बाबांना वेळ लागला. तिने घाई केली नाही. त्यांनी लिहिले, ‘गाठ आहे. तुला परत ती धावपळ नको म्हणून बोललो नाही.’

तिने वाचले. ती रडली नाही. "भीती वाटते?" तिने विचारले.

‘खूप.’

"मलाही," ती म्हणाली, आणि उठून वाहता नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही, त्यांना इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर केला असता, तर आम्हालाही हात टेकावे लागले असते." पुन्हा ऑपरेशन झाले. उपचार लांबले. बाबा निम्मे झाले, पण उठले. आता अर्धा दिवस सलूनमध्ये बसतात. माझ्या जागी दुसरा टॅबलेट आला आहे आणि मी टॉवेलांच्या घडीखाली पडून असतो.

मित्रांनो, आम्हाला जपा. ओल्या हातांनी धरू नका, पाडू नका. पण माणसाला आमच्यावर सोपवून पाठ फिरवू नका. कोणी सावकाश बोलत असेल, लिहून बोलत असेल, तर त्याच्या समोर बसा. त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. ते त्याला पुरे करायचे असते.