पोटाशी धरलेली अंडी

मुक्ताबाईंनी खुराड्यात हात घातला आणि एकेक अंडं गालाला लावून पाहिलं. कडेची गार पडत चालली होती, मधल्यांत अजून धुगधुगी होती. कोंबडी जागेवर नव्हती. कुंपणापाशी तांबड्या पिसांचा पुंजका पडला होता आणि तिथून भाताच्या बांधापर्यंत एकेक पीस वाऱ्यानं हलत होतं.

"मुंगसानं नेली," त्या म्हणाल्या. "दाणं टिपाय उठली आसंल."

"आणि अंडी?"

प्रेरणा दारात उभी होती. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला जायची तिची वेळ झाली होती. खांद्याला पर्स, हातात छत्री.

मुक्ताबाईंनी एक अंडं तिच्या कानाशी धरलं. आत टकटक होत होती. मग अगदी बारीक, लांबून आल्यासारखी चिवचिव.

प्रेरणानं छत्री भिंतीला टेकवली. "आत्या, हे तर बोलतंय!"

"आज-उद्या निगनार व्हती. बिस्मिल्लाची काळी खुडूक झालीया. खाली अंडं न्हाई का काय न्हाई, तरी बसून ऱ्हाती म्हनं. तिच्याखाली घालून बगू." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पर बिस्मिल्ला ऱ्हाती वड्याच्या पल्याड. तवर गार व्हतील. तू बांध पोटाला. माज्या अंगात आता कुटली ऊब?"

प्रेरणानं ओढणीत अंडी गुंडाळली, पोटाशी गाठ मारली, वरून स्वेटर घातला आणि दोन्ही हात खालून लावले. मुक्ताबाईंनी तिची पर्स आपल्या खांद्याला अडकवली, छत्री उघडली. पाऊस बारीक होता पण थांबत नव्हता. औंढे गावच्या निसरड्या वाटेनं दोघी निघाल्या. छत्री बहुतेक सुनेवरच होती.

अमृत जाऊन दोन पावसाळे झाले होते. मुक्ताबाईंचा एकुलता एक. कावीळ झाली आणि कळायला उशीर झाला. प्रेरणाचे आईवडील लग्नाआधीच गेलेले. उर्से गावी राहणारा तिचा भाऊ दिवसकार्याला येऊन गेला, नंतर त्याचे फोन कमी झाले. ती राहिली ती इथंच. राहा असं कुणी म्हटलं नाही, जा असंही नाही. एकीनं पीठ मळायचं, दुसरीनं भाकरी थापायची, असं करत दिवस निघाले.

ओढ्याच्या मोरीवर पर्समधला फोन वाजला.

"दुकानातनं असेल," प्रेरणा म्हणाली. "आज येत नाही म्हणून सांगायचं राहिलं. जरा कानाला लावता का?"

मुक्ताबाईंनी हिरव्या खुणेवर बोट ओढलं आणि फोन तिच्या कानाशी धरला. आवाज मोठा होता. ओढ्याच्या खळखळाटातही तो स्पष्ट ऐकू येत होता.

"कुठं आहेस? बसमधून उतरली नाहीस, म्हणून विचारलं," एक पुरुष म्हणाला. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. घरी काम निघालं."

"बरं. प्रेरणा, आत्यांशी बोललीस का? आईला मी किती थांबवू? तिचं रोज तेच, मुलगी बघायला कधी जायचं?"

प्रेरणाचे हात अंड्यांखाली होते. तिला फोन घेता येईना, बाजूलाही होता येईना.

"नंतर बोलते," ती म्हणाली.

मुक्ताबाई समोरच्या खाचराकडे बघत होत्या. तिथं लावणी झालेली होती आणि पाण्यात रोपांच्या ओळी सरळ उभ्या होत्या. पलीकडून फोन बंद झाला तरी त्यांचा हात तसाच होता. मग त्यांनी फोन पदराला पुसला, पर्समध्ये ठेवला.

"हितं शेवाळ हाय," त्या म्हणाल्या. "बगून पाय टाक."

बिस्मिल्लाच्या पडवीत डालग्याखाली काळी कोंबडी पिसं फुगवून बसली होती. "दोनदा पान्यात बुचकळली तिला," बिस्मिल्ला सांगू लागली. "तरी खुडूकपना मोडंना. आन इकडं पोरी. हळू."

तिनं प्रेरणाच्या स्वेटरखालून एकेक अंडं काढलं आणि पेंढ्यात मांडलं. एका अंड्याला बारीक तडा गेला होता. कोंबडीनं मान वाकडी करून ते न्याहाळलं आणि चोच मारली.

"फोडील की!" प्रेरणा पुढे झाली.

"थांब. वळख पटू दे."

बिस्मिल्लानं डालग्यावर पोतं टाकून अंधार केला आणि ती चहा ठेवायला आत गेली. पडवीत दोघीच उरल्या. प्रेरणा उकिडवी बसून पोत्याच्या फटीतून बघत होती.

"कवापास्नं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काय? खुडूक?"

"कोंबडीचं न्हाई इचारत."

प्रेरणानं फटीतून डोळा काढला नाही. "होळीच्या सुमारापासून. दुकानाचा टेम्पो चालवतो. प्रज्ञेश नाव आहे. मी त्याला नाहीच म्हणणार होते, आत्या. आज सांगणारच होते."

"का?"

"का म्हणजे? तुम्ही कशा राहाल?"

मुक्ताबाई उठल्या. पायाचा चिखल धुवायचा म्हणून अंगणातल्या पिंपाशी गेल्या. तांब्यानं पाणी घेतलं, ओतलं, पुन्हा घेतलं. पाय कधीच स्वच्छ झाले होते. त्या पाठमोऱ्याच उभ्या होत्या आणि पाणी पडल्याचा आवाज येत होता. चहाचे कप घेऊन बाहेर आलेली बिस्मिल्ला उंबऱ्यातच थांबली.

परत आल्यावर मुक्ताबाईंनी पोत्याची कड उचलली. कोंबडी पंख पसरून बसली होती. एक अंडं बाहेर राहिलं होतं. तिनं मान खाली घालून ते चोचीच्या खालच्या बाजूनं ओढलं आणि छातीखाली घेतलं.

"घेतलं गं बाई," बिस्मिल्ला म्हणाली.

"चा पी," मुक्ताबाई सुनेला म्हणाल्या. "आन त्याला म्हनावं, रईवारी ये. आईला घिऊन ये."

प्रेरणानं कप घेतला. तो न पिताच जमिनीवर ठेवला आणि मुक्ताबाईंच्या खांद्यावरच्या पर्समधून फोन काढला.

पिल्लं निघाली. सगळी नाही, दोन अंडी तशीच राहिली, ती बिस्मिल्लानं परसात पुरली. बाकीची वाळल्यावर कोंबडीसकट डालग्यात घालून ती मुक्ताबाईंकडे आली. "आई बी ठेव," म्हणाली. "तिच्याबिगर कुटं जगत्यात?" प्रेरणा कामाला जायच्या आधी त्यांना तांदळाची कणी टाकायची, आणि काळी एकेक कण चोचीनं उचलून पिल्लांपुढे पुन्हा टाकायची.

रविवारी प्रज्ञेश आला. ओलं डोकं, इस्त्रीचा शर्ट. बरोबर त्याची आई शालूबाई. उंच, कमी बोलणाऱ्या. सतरंजीवर बसल्यावर त्यांची नजर घरभर फिरली आणि अमृतच्या हार घातलेल्या फोटोवर क्षणभर थांबली. प्रेरणा आत पोहे परतत होती. तिच्या भावानं सकाळीच फोन करून, जमत नाही, असं कळवलं होतं.

"मुलीच्या बाजूनं बोलायला कोण आहे?" शालूबाईंनी विचारलं. सूर वाकडा नव्हता. रीत म्हणून विचारलं होतं.

प्रज्ञेशनं आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आत उलथन्याचा आवाज थांबला.

मुक्ताबाई दाराजवळ उभ्या होत्या. पिल्लं पडवीत येऊ नयेत म्हणून त्यांनी आडवी लावलेली फळी नीट केली, हात पदराला पुसले आणि आत आल्या.

"मी हाय की," त्या म्हणाल्या. "तिची आई."

शालूबाईंनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं, मग मुक्ताबाईंकडे. त्या थोड्या सरकल्या आणि सतरंजीवर शेजारी जागा झाली.

मुक्ताबाई मांडी घालून बसल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, गुडघ्यावर हात ठेवले आणि मुलीच्या आईनं बघावं तसं प्रज्ञेशला एकदा नखशिखान्त बघून घेतलं.

"आता मला सांगा," त्या म्हणाल्या, "पोरगा पितो-बितो का?"