तारेचा ब्रश आणि पायऱ्यांवरील तांबूस डाग

सुज्ञ वाचकहो, एका घरच्या जलतरण तलावात पडलेल्या डागांमुळे एका निरपराध सुनेवर आळ कसा आला, आणि तो दूर करताना एका कष्टकरी माणसाच्या जिवाची कशी घालमेल झाली, त्याचा वृत्तांत मी पुढे यथामती सादर करीत आहे.

तलाव साफ करणाऱ्या त्या इसमास सर्वजण बगळा म्हणत. कारण लांब दांडीची जाळी पाण्यात फिरविताना तो एक पाय दुमडून उभा राहत असे. त्या सकाळी मात्र त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. तलावाच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्यांवर तांबूस ठिपके उमटले होते, जणू पायऱ्यांना गोवर आला होता! घराचे मालक, ज्यांना सर्वजण आप्पा म्हणत, ते तलावाच्या फाटकाची किल्ली मुठीत आवळून उभे होते.

"हे डाग सूनबाई केसांना लावतात त्या रंगाचे," आप्पा गरजले. "आजपासून टँक बंद! माती भरतो आणि वांगी लावतो."

सूनबाई काठीच्या आधाराने दारात उभ्या होत्या. त्यांच्या पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन होऊन चार महिने लोटले होते. रोज अर्धा तास पाण्यात चालल्याशिवाय पाठ मोकळी होणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. काठी सुटण्याची सारी आशा त्या पाण्यावर होती.

"आप्पा, ऑपरेशन झाल्यापासून मी केसांना रंग लावलाच नाहीये."

"मग डाग काय आभाळातून पडले?"

या प्रश्नाचे उत्तर एकट्या बगळ्यास ठाऊक होते. मागील आठवड्यात त्याच्या नायलॉनच्या ब्रशची मान तुटली. नवा मागावा तर आप्पा अर्धा तास काटकसरीवर व्याख्यान देणार, म्हणून त्याने घरून गंजके गज खरवडण्याचा तारेचा ब्रश आणला आणि पायऱ्या खसाखसा घासल्या. पायऱ्या लखलखल्या खऱ्या, परंतु तारांचे बारीक तुकडे तेथेच राहिले आणि पाण्यात गंजू लागले. तोंड उघडावे तर हातचे काम जाणार; मिटावे तर सूनबाईंची पाठ कायमची आखडून राहणार.

इतक्यात आप्पांनी अॅसिडचा कॅन उचलला. जवळच बगळ्याने ब्लिचिंग पावडर कालवून ठेवलेली बादली होती. "दोन्ही एकत्र केलं की डागांचा बापसुद्धा पळेल," असे म्हणत त्यांनी झाकण फिरविले आणि कॅन बादलीवर तिरका केला.

"आप्पा, नको!" बगळ्याने झेप घेऊन त्यांचे मनगट धरले.

"हात सोड! माझ्या घरात मलाच अडवतोस?"

"सोडतो, पण आधी कॅन खाली ठेवा. या दोन्हींचा विषारी वायू होतो. छातीत गेला तर श्वास घेता येणार नाही. तुम्हालाही नाही, दारात वहिनी आहेत त्यांनाही नाही."

कॅनच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता. अखेरीस आप्पांनी कॅन सरळ केला आणि बगळ्याने झाकण घट्ट लावून तो बादलीपासून दूर नेऊन ठेवला.

"ठीक. मग वांगीच लावतो," आप्पा म्हणाले व फाटकाकडे वळले.

तेव्हा मात्र बगळ्यास राहवले नाही. "आप्पा, डाग माझे आहेत. मी तारेचा ब्रश मारला."

आप्पांनी वळून त्याच्याकडे नखशिखान्त पाहिले. "चांगलंच पढवून ठेवलंय याला! काय दिलंत, सूनबाई? चहा की जेवण?"

खरे बोलूनही खोटे ठरण्याची वेळ आली! मग बगळ्यास एक युक्ती सुचली. "वहिनी, तुमच्याकडे लोहचुंबक आहे का?"

सूनबाई काठी टेकीत आत गेल्या आणि आप्पांच्या बिघडलेल्या रेडिओतील स्पीकर घेऊन आल्या. बगळ्याने त्याचे चुंबक काढून एका जुन्या मोज्यात घातले, मोजा दांडीस बांधला आणि पायरीवरून फिरविला. वर काढला. मोज्यावर काहीच नव्हते.

"झालं नाटक?" आप्पा म्हणाले.

"एकदा कोपऱ्यात फिरवू द्या." बगळ्याने श्वास रोखून दांडी कोपऱ्यात दाबली, सावकाश ओढली आणि वर काढली. मोज्यावर केसांसारखे बारीक, गंजलेले तुकडे ताठ उभे होते.

आप्पांनी एक तुकडा चिमटीत धरला, उन्हात धरला, पुन्हा पाहिला. केस असा टोचत नाही, हे त्यांच्या बोटानेच त्यांस सांगितले.

सूनबाईंनी न मागताच आपल्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. गंजाचे डाग त्या आंबट गोळीने जातात, हे बगळ्यानेच त्यांना पूर्वी सांगितले होते. त्याने वरच्या पायरीवरील एका ठिपक्यावर गोळी दाबून धरली. मिनिटभराने उचलली तेव्हा ठिपका फिकट होऊन जवळजवळ पुसला गेला होता.

आप्पांनी किल्ली सूनबाईंच्या हातात ठेवली. बगळ्यास मात्र म्हणाले, "आणि तू! उद्यापासून यायचं नाही. तारेचा ब्रश म्हणे!"

बगळ्याने मान खाली घालून दांडी भिंतीस टेकविली.

"बगळेभाऊ," सूनबाई म्हणाल्या, "उद्या सहाला या. नायलॉनचा ब्रश मी मागवते."

"मी त्याला काढलंय!"

"हो ना, आप्पा. पण फाटक आता मी उघडणार आहे."

आप्पा आपल्या स्पीकरचे अवशेष गोळा करून घरात गेले. बगळ्याने जाळी उचलली. थोड्याच वेळात त्याचा एक पाय आपोआप दुमडला गेला.

येथवर लक्षपूर्वक वाचल्याबद्दल सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार. लेखनात चूकभूल झाली असल्यास क्षमा असावी.

आपला विनम्र,
तात्या पंपवाले