दुधाच्या पिशवीचा तुकडा

रविवारी दहा वाजता भंगारवाला येणार, असं माझ्या मुलाने, केयूरने, मला शुक्रवारी जेवताना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. आदल्या दिवशी माझी स्कूटर सक्करदरा चौकात ऐन गर्दीत बंद पडली होती. दोघांनी ती ढकलत बाजूला नेली आणि त्यातल्या एकाने माझ्याच फोनवरून केयूरला बोलावून घेतलं. तेवढ्यावरून केयूरने ठरवलं, की गाडीचं वय झालं आणि आईचंही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी सत्यवती, वय त्रेसष्ट. हिंगण्याच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं तपासणी खात्यात काढली. कंपनीची बस तिच्या वेळेने यायची आणि मला माझ्या वेळेने जायचं असायचं, म्हणून ही स्कूटर घेतली. आमच्या गल्लीत तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटीच. लोक बोलले, बोलून थकले. आता ती गेली की साधी भाजी आणायलाही मला कुणाच्या तरी सवडीची वाट बघावी लागणार. ते मला जमणार नाही. मी केयूरला म्हटलं, दहाच्या आत सुरू झाली तर गाडी घरात राहील. तो हसत हो म्हणाला. त्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

आमच्या मिस्त्रीने दोन महिन्यांत प्लग बदलला, कार्बोरेटर तीनदा धुतला. त्याच्या दुकानात ती सुरू व्हायची आणि घरी आणून दोन-चार किलोमीटर फिरवली की मान टाकायची. शेवटी म्हणाला, जुन्या गाडीत आता दम नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

आमच्या खात्यात अंदाज चालत नसे. शेवटापासून मागे यायचं, एकेक टप्पा तपासत. रविवारी सकाळी पंचवीस किका मारून झाल्यावर मी प्लग काढला. कोरडा ठणठणीत. म्हणजे इंजिनाला पेट्रोल मिळतच नव्हतं. गाडी हलवली तर टाकीत खळखळ ऐकू आली. म्हणजे पेट्रोल होतं, पण वाटेत अडत होतं. कार्बोरेटरकडचं नळीचं टोक काढून स्टीलच्या पेल्यात धरलं आणि पेट्रोलचा कॉक उघडला. चार थेंब पडले आणि धार बंद. कॉक बंद करून नळी काढली, फुंकून पाहिली, साफ होती. परत लावली. पुन्हा दोन थेंब.

साडेनऊ झाले होते. माझी सून हर्षा चहा ठेवून गेली, तो तसाच निवला.

मग मला आठवलं, की मिस्त्री दरवेळी सगळ्यात आधी सीट उचलून टाकीचं झाकण उघडायचा. पेट्रोल आहे की नाही एवढंच बघायचा. मी झाकण फिरवलं. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज झाला आणि खाली पेल्यात धार सुरू झाली, सरळ आणि जाड.

झाकण उलटं करून पाहिलं. आतल्या बाजूला दुधाच्या पिशवीचा तुकडा घट्ट बसला होता. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, तेच बंद. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल उतरत नाही, तसंच टाकीचं झालं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो तुकडा मीच लावला होता, मे महिन्यात. उन्हाने पेट्रोल उडतं, वासाने हर्षाचं डोकं दुखतं, म्हणून. पेट्रोल भरताना दरवेळी तो दिसायचा आणि मला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटायचं.

तेवढ्यात फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो लागला आणि केयूर बाहेर आला. तुकडा मी मुठीत दाबला. खोटं कशाला बोलू, लपवावासा वाटला. आईच चुकली म्हटल्यावर त्याला आयतंच मिळणार होतं. पण आमच्या खात्यात बाद निघालेला माल लपवणाऱ्याला आम्ही चोर म्हणायचो. स्वतःच्या हातचा बाद झाला तरी स्वतःच टेबलावर नेऊन ठेवायचा.

मी तुकडा केयूरच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तूच लावला होता," तो म्हणाला. "म्हणूनच म्हणून राहिलो नं आई, आता तुले हे झेपत नाही."

"हो, मीच लावला. आणि शोधलाही मीच. तुह्या मिस्त्र्याले दोन महिन्यांत नाही सापडला. चुकत तर तूही असशील गा. तुले कोणी भंगारात देऊन राहिलं का?"

हर्षा दारात उभी होती. तिने पदराने हसू पुसलं. नळी आणि प्लग बसवून, नुसतं झाकण लावून मी किक मारली. तिसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. भंगारवाला माझ्याकडे आणि केयूरकडे आळीपाळीने बघत राहिला.

हिंगण्याला जाऊन येते म्हटल्यावर केयूरचा आवाज उतरला.

"रस्त्यात बंद पडली तर मले फोन कर."

मी पर्समधून मोबाइल काढला आणि त्याच्या हातात अजून होता त्या तुकड्यावर ठेवला.

सक्करदरा चौकात लाल दिवा लागला. गुरुवारी बंद पडली होती त्याच जागी मी थांबले. गाडी चालू होती. दिवा हिरवा होण्याआधीच मागचा कारवाला हॉर्न वाजवू लागला. वाजव म्हटलं. दिवा हिरवा झाल्यावरच मी हलले.