साडूने आणलेला जांभळा मासा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची लोकांना दोनदाच आठवण येते. एकदा लिफ्ट बंद पडल्यावर आणि दुसऱ्यांदा ती पुन्हा बंद पडल्यावर. चोवीस वर्षं हेच काम करत आलेल्या मेकॅनिकची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण घरातही आपली हीच गत व्हावी, हे मात्र त्याला सलत होतं.

घरात सासरे राहायला आले होते. बंदरात मोठमोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या टगबोटीवर त्यांची पस्तीस वर्षं गेलेली. सगळे त्यांना कप्तानच म्हणायचे. न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला, एकटं राहणं जमेना, म्हणून थोरल्या लेकीने त्यांना आपल्याकडे आणलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खुर्ची ठेवली. पण खिडकीतून दिसायची ती समोरच्या इमारतीची पाठ आणि ड्रेनेजचे पाइप.

"समुद्र नाही, निदान समुद्राचं पाणी तरी डोळ्यांपुढे असू दे," एके दिवशी कप्तान म्हणाले, आणि मेकॅनिकने ते मनावर घेतलं.

सत्तर लिटरची काचेची टाकी आली. ती पेलायला त्याने कपाटाला आतून लोखंडी पट्ट्या मारल्या. मीठ मोजून पाणी तयार केलं, दगड रचले, वाळू चांगली चार-पाच इंच घातली. पाणी मुरायला पाच आठवडे लागतात म्हणून पाच आठवडे एकही मासा आणला नाही. दर शनिवारी एक बादली जुनं पाणी काढायचं, एक बादली नवं घालायचं, खारेपणा तपासायचा. त्याची कंबर धरायची. कप्तान रिकाम्या टाकीकडे बघत बसायचे आणि अधूनमधून म्हणायचे, "मासे कुठले घ्यायचे, ते डॉक्टरसाहेबांना विचारू हं."

डॉक्टरसाहेब म्हणजे धाकटे जावई, मेकॅनिकचा साडू. दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यात पेशंट बसतात तिथे भिंतभर लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी होती. तिची देखभाल करायला दर आठवड्याला कंपनीचा माणूस यायचा. डॉक्टरने आयुष्यात एक बादली उचलली असेल तर शपथ! पण बोलायला गोड, हसायला मोकळा, आणि दात तर काय, दुकानात मांडून ठेवावेत असे. तो दारात आला की कप्तान खुर्चीत सरळ होऊन बसायचे. मेकॅनिक रोजच दारात यायचा, त्याच्यासाठी कोण सरळ बसणार?

मासे निवडायच्या रविवारी मेकॅनिक पूर्ण तयारीत होता. माशांच्या दुकानात तीन खेपा घालून, तिथल्या बाईंना विचारून विचारून त्याने सर्व्हिसच्या फॉर्मामागे यादी केली होती. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "एवढ्याशा टाकीत मासे ठेवणं म्हणजे एका खोलीत भाडेकरू ठेवणं," त्या म्हणाल्या होत्या. "दिसायला कसा आहे ते शेवटी बघा. आधी दुसऱ्याला राहू देतो का, ते बघा."

"सीहॉर्स घेऊ या," कप्तान म्हणाले.

"तो फार सावकाश खातो, बाबा. दुसरा मासा असला की याच्या वाटेचं तोच खाऊन टाकेल."

"मग मँडरिन!" डॉक्टर म्हणाला. "निळा काय, केशरी काय, बघतच राहाल, बाबा."

"तो दगडावरचे बारीक जिवंत किडेच टिपतो," मेकॅनिक म्हणाला. "आपल्या टाकीतले महिन्या-दोन महिन्यांत संपतील. मग डोळ्यांदेखत उपाशी मरेल."

"काय हो मेकॅनिक, तुम्ही सगळ्यालाच नाही म्हणणार का?" कप्तानांनी विचारलं, आणि सगळे हसले. मेकॅनिकही हसला. हसताना त्याचे कान तापले.

तेवढ्यात डॉक्टरने टेबलावरची यादी सहज उचलली, तिच्यावर नजर फिरवली आणि फोनवर एक व्हिडिओ काढून कप्तानांपुढे धरला. "हा बघा, जॉफिश! वाळूत बीळ खणतो, तोंडाने खडे आणून त्याचं तोंड बांधून काढतो, आणि दिवसभर डोकं बाहेर काढून पाहत बसतो."

कप्तानांनी भिंग लावून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "अरे, हा तर केबिनमधून डोकं काढून बसलाय! बरोब्बर शोधून काढलात, डॉक्टरसाहेब!"

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मेकॅनिक उठून स्वयंपाकघरात गेला. बायको चहा गाळत होती.

"यादी माझी होती," तो म्हणाला.

"मग सांगायचं तसं. तोंड नाही का तुम्हाला?"

"असं सांगितलं तर मी केवढा कोता दिसेन!"

"आणि इथे येऊन माझ्याशी कुजबुजताय ते काय मोठं दिसतंय? घ्या, कप न्या बाहेर."

जॉफिश आला. बोटभर लांब, पिवळं डोकं, मागे फिकट निळं अंग. दोन दिवसांत त्याने कोपऱ्यात बीळ खणलं आणि डोकं काढून खोलीकडे पाहू लागला. कप्तानांनी त्याचं नाव ठेवलं खलाशी. सकाळी उठल्यावर पहिलं काम खलाशाला हाक मारायची. खलाशीही त्यांचं बोट काचेला लागलं की पुढे सरकायचा. दुकानातल्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, याला शेजारी द्यायचा तर भित्राच द्या. दांडगट आला की हा बीळ सोडतो, घाबरून उडी मारतो, आणि जरा फट मिळाली तर टाकीबाहेर पडतो. मेकॅनिकने जाळीचं झाकण बसवलं. पंपाची नळी जाते तिथे बोटभर फट राहिली होती. ती पुढच्या शनिवारी बुजवू, असं त्याने ठरवलं.

कप्तानांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तो दिवस नेमका शनिवारच निघाला, आणि गडबडीत फट तशीच राहिली. डॉक्टर दारात उभा राहिला तो हातात थर्मोकोलची पेटी घेऊन. मेकॅनिकनेच दार उघडलं. डॉक्टरने तिथेच पेटीचं झाकण उघडून पिशवी वर धरली. आत एक मासा होता. एवढा जांभळा रंग मेकॅनिकने लिफ्टच्या बटणातही पाहिला नव्हता.

"डॉटीबॅक," डॉक्टर हळूच म्हणाला. "बाबांना सरप्राइज. साडूभाऊ, आत खलाशाबरोबर चालेल ना हा? तुम्हाला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून विचारतो."

साडू झाल्यापासूनच्या अठरा वर्षांत हा माणूस पहिल्यांदा असं म्हणत होता, आणि तेही दारात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने. मेकॅनिकला डॉटीबॅक माहीत होता. बाईंनी काचेवर बोट ठेवून दाखवला होता. दिसायला देखणा, पण सगळी टाकी आपल्या बापाची समजणारा. चालणार नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण आतून कप्तानांचा आवाज आला, "डॉक्टरसाहेब आले का?" त्या आवाजातला आनंद ऐकला आणि मेकॅनिकने दार सताड उघडलं.

"चालेल की," तो म्हणाला. "न चालायला काय झालं?"

वाढदिवस झोकात झाला. जांभळा मासा पाहून कप्तानांनी डॉक्टरला मिठी मारली. मेकॅनिक केकच्या बशा उचलत होता आणि मनात म्हणत होता, थांबा जरा.

फार थांबावं लागलं नाही. सोमवारी जांभळ्याने पहिला हल्ला केला. मंगळवारी खलाशाचं शेपूट फाटलं. बीळ सुटलं, आणि तो पंपामागे काचेला चिकटून राहू लागला. कप्तान भिंग घेऊन तासन्‌तास शोधत बसायचे.

"मेकॅनिक, हा त्याला छळतोय का हो?"

"ओळख होतेय, बाबा. चार दिवस जाऊ द्या."

खरं तर त्याला रविवार हवा होता. रविवारी डॉक्टर येईल, सगळ्यांसमोर आपल्या भेटीचे प्रताप बघेल, कप्तान त्याच्याकडे वळून काहीतरी बोलतील. ते वाक्य काय असेल, हे मेकॅनिक लिफ्टच्या खड्ड्यात ग्रीस लावता लावता जुळवत होता. नळीच्या फटीची त्याला आठवणही राहिली नाही.

गुरुवारी सकाळी तो चहा घेऊन बाहेर आला तेव्हा कप्तान खुर्चीत होते. काठी खाली पडली होती. तळहातावर खलाशी होता, वाळून ताठ झालेला.

"कपाटाच्या पायाशी होता," ते म्हणाले. "मी पायाने चप्पल शोधत होतो."

त्यांनी स्वतः डॉक्टरला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"बाबा, माझंच चुकलं," डॉक्टरचा आवाज खोलीभर झाला. "दुकानात नीट चौकशी करायला हवी होती. साडूभाऊंना विचारलं होतं, पण दारात, घाईघाईत. त्यांना दोष देऊ नका."

"अहो, कुणालाच दोष नाही. मेकॅनिक हो म्हणाले म्हटल्यावर मीही सोडला असता आत. या टाकीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं? त्यांनाही समजलं नाही, म्हणजे कुणालाच समजलं नसतं."

हे वाक्य ऐकायला मेकॅनिकने अठरा वर्षं काढली होती. आज ते मिळालं, आणि ते ऐकून तोंड लपवायला जागा पुरेना.

तो कामावर गेला. एका इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत एक बाई रडत होत्या. "घाबरू नका, मी आहे," तो बाहेरून सांगत होता, आणि आपला आवाज त्यालाच परका वाटत होता. बाईंना बाहेर काढलं आणि पुढचं काम टाकून तो दुपारीच घरी आला. बायको कप्तानांच्या औषधाच्या गोळ्या डबीत भरत होती.

"मला माहीत होतं," तो उभ्याउभ्याच म्हणाला.

"काय?" कप्तानांनी मान वर केली.

"जांभळ्याचं. तो खलाशाला जगू देणार नाही हे. त्यांनी विचारलं तेव्हाच माहीत होतं."

बायकोचा हात डबीवरच थांबला.

"मग हो का म्हणालात?" कप्तानांनी विचारलं.

बरंच काही सांगायचं होतं. बादल्या, कंबर, यादी. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "तुम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणता."

पन्नाशीच्या माणसाच्या तोंडी ते इतकं पोरकट वाटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आणि तुम्हाला मेकॅनिक म्हणतो," कप्तान म्हणाले. "टगवर मी पाच मालक पाहिले, मेकॅनिक एकच. तो रजेवर असला की मी बंदराबाहेर जायला कां-कूं करायचो. मला वाटलं, तुम्हाला यातला मान कळतो." त्यांनी काठी उचलून दोन्ही हातांत धरली. "पण त्याने मला इंजिनाबद्दल कधी खोटं सांगितलं नाही. एकदाही नाही."

बायको डबी मिटून आत निघून गेली. तेच जास्त लागलं.

"आत्ता जा त्यांच्याकडे," कप्तान म्हणाले. "फोनवर नको."

दवाखान्यात डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. नेहमीचं हसू कुठे दिसेना. "मी सकाळपासून हात धुतोय, साडूभाऊ," तो म्हणाला. "बाबांचा मासा मी मारला म्हणून. आणि तुम्ही चार दिवस मजा बघत होतात?"

"हो."

"जा तुम्ही. आता काही बोललो तर ते पुढे आयुष्यभर राहील."

मेकॅनिक आला तसा परत गेला.

पण रविवारी डॉक्टर आला. जांभळ्याला पकडून दवाखान्याच्या मोठ्या टाकीत न्यायचं होतं, तिथे त्याला पुरून उरणारे होते. दोघा साडूंनी बाह्या वर सारून एकेक दगड बाहेर काढला. डॉक्टरने त्या दिवशी पाण्याच्या तीन बादल्या उचलल्या आणि एक पायावर सांडली. दोघांत कामापुरतंच बोलणं होत होतं. "डावीकडे." "नाही, खाली गेला." "धरा."

शेवटी जांभळा एका कोपऱ्यात सापडला. कप्तानांनी जाळी उचलली आणि सवयीने डॉक्टरपुढे धरली.

मेकॅनिकला ते टोचलं. तसंच, तिथेच, अगदी पहिल्यासारखं. कोपरापर्यंत पाण्यात असलेला हात त्याने बाहेर काढून पुढे केला.

"बाबा," तो म्हणाला, "जाळी मला द्या. मला पकडायचाय."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. कप्तानांनी जाळी मेकॅनिकच्या हातात दिली. पहिल्या दोन खेपांना मासा निसटला.

"पाणी आणखी कमी करू का?" डॉक्टरने विचारलं.

"करा," मेकॅनिक म्हणाला, आणि डॉक्टर चौथी बादली आणायला गेला.