पायाखालचा पटका

गावाचं नाव सांगत नाही. नेकनूरच्या पलीकडं कुठंतरी आहे एवढं पुरे. कुणाला ते आपलंच गाव वाटलं तर वाटू द्या बापडं.

त्या सकाळी सुंदररावांचा पाय घरात ठरत नव्हता. वय सहासष्ट, पण लगीनघर असल्यासारखी धावपळ चाललेली. ट्रंकेतला पांढरा पटका त्यांनी आदल्या दिवशीच धुऊन, खळ देऊन वाळवला होता. आता ओसरीवर सतरंजी पसरून त्याला इस्त्री करत बसले होते. हा पटका डोक्याला बांधायचा नव्हता, पायघडीचा होता. गढीवरचे रविराजे जिल्हा परिषदेला उभे होते. दुपारी मारुतीपुढं प्रचाराचा नारळ फुटायचा होता, आणि गाडीतून उतरून देवळाच्या पायरीपर्यंत राजे ज्या कापडावरून चालत जायचे ते कापड सुंदररावांच्या घरचं. वडिलांपासून चालत आलेला मान! तानाजीचं, म्हणजे मुलाचं, लग्न ठरवताना व्याह्यांना त्यांनी शेताच्या आधी हेच सांगितलं होतं.

आता हे राजे कोण, तर निजामाच्या अमलात या गावाची जहागिरी त्यांच्या घराण्याकडं होती. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या, प्रत्येकाच्या हातात एकेक मत आलं. गावानं त्या मताचं काय केलं? नेऊन पुन्हा गढीच्या दारात ठेवलं! आजोबा आमदार, बाप सभापती, आणि आता हा नातू. नातवाची पुण्यात मोटारींची शोरूम, गावात यायचा तो दसऱ्याला नाहीतर मतांना. गावातली पिठाची गिरणी कुठं आहे हेही त्याला सांगता आलं नसतं. पण त्याची गाडी वेशीत आली की म्हाताऱ्या माणसांचे हात आपोआप जोडले जात.

या खेपेला एक गोष्ट मात्र नवी होती. सुंदररावांची सून सत्यशीला गावची सरपंच होती. गढीचा कार्यकर्ता गहिनीनाथ चार दिवसांपूर्वी येऊन म्हणाला होता, "तात्या, औंदा पटका सरपंचबाईंनीच अंथरायचा. झकास व्हिडिओ काढू. जिल्हाभर फिरंल." सुंदररावांनी तिथल्या तिथं शब्द दिला. सुनेला सांगितलं ते आज, ती चुलीपुढं भाकरी थापत असताना.

तिचे हात थांबले. "मामा, मी कशी अंथरू? सरपंच हाय मी."

"म्हणून तर! सरपंचानं अंथरला तर मान वाढंलच की."

"मला इचारलं न्हाई तुमी."

"कावून इचारायचं? घरचाच मान हाय. तुझ्या लेकरांनाबी फुडं चालवायचाय."

तव्यावरची भाकरी करपली तरी सत्यशीलेनं उलटली नाही. बोलली ती बायनाबाई. सुंदररावांची आत्या, नव्वदीला टेकलेली, दाराशी तूर निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"कसला मान रे सुंदर?"

"आत्या, तू मधी पडू नको."

"मधी पडू नको? त्या पटक्याला माझ्या आबाच्या डोक्याचा वास व्हता. तुला काय ठावं हाय त्याचं?"

आणि म्हातारीनं सांगितलं. तिचा बाप त्रिंबक, म्हणजे सुंदररावांचा आजा. निजामाचा कुणी अधिकारी गढीवर मेजवानीला यायचा होता, आणि सगळ्या घरांना वेठीचं बोलावणं गेलं होतं. पाणी भरा, लाकडं फोडा, मजुरीचं नाव नाही. त्रिंबक म्हणाला, माझी बाई अडलीय, मी येत न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याला वेशीत उभं केलं. डोक्याचा पटका काढून चिखलात अंथरायला लावला आणि जहागीरदार जोड्यासकट त्याच्यावरून चालत गेला.

"मी आबाचं धोतर धरून हुबी व्हते. नऊ वर्साची आसंल. सरकार म्हनला, आता हीच तुझ्या घरची चाकरी. माझी माय त्याच राती गेली. आबानं मरूस्तवर डोक्याला कापड लावलं न्हाई."

सुंदररावांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. "पर मग... आण्णा तर मान म्हणायचे."

"तुझा बाप? गाव आमाला पायपुसण्याचं घर म्हनायचं रे! आबा गेला, पुढं राज बदललं, पैली निवडणूक आली. गढीचा त्योच सरकार मतं मागायला आला. तवा पटका कुणी मागितला नव्हता. तुझ्या बापानं सोताहून नेला, अन् गावभर सांगत सुटला की ह्यो आमचा मान हाय. म्हंजी चिडवनाऱ्याची तोंडं बंद. झाली बी बंद."

"अन् तू गप बसलीस?"

"भावाची लाज झाकली. चुकलंच माझं. आता हिला मातीत वाकवायला निघालास तवा ऱ्हावलं न्हाई."

इस्त्रीखालून धूर आला. सुंदररावांनी ती उचलली, पण पटक्यावर डाग पडायचा तो पडलाच. त्यांना आपल्या बापाची लाज वाटली, मग बापाची लाज वाटल्याची लाज वाटली. व्याह्यांपुढं आपण किती ऐटीत मिशीवर हात फिरवला होता ते आठवून तर त्यांना भिंतीकडं तोंड करून बसावंसं वाटलं. तरी दुपारी ते पटका काखेत मारून निघालेच. शब्द दिला होता ना! आपल्याकडं माणसं स्वतःच्या अब्रूपेक्षा गढीला दिलेल्या शब्दाला जास्त जपतात.

देवळापुढं हलग्या कडाडत होत्या. काळी गाडी येऊन थांबली. गहिनीनाथ मोबाइल उगारून ओरडला, "सरपंचबाई, या फुडं. तात्या, आटपा!"

सत्यशीला पुढं आली. पदर खोचून तिनं सासऱ्यापुढं हात केला आणि हळूच म्हणाली, "द्या मामा. चारचौघांत तुमचा शब्द खाली पडाय नगं."

सुंदररावांच्या ध्यानात आलं. ही पोर राजांसाठी वाकत नव्हती, आपल्यासाठी वाकत होती. त्रिंबकाला निदान जबरदस्तीनं वाकवलं होतं. हिला तर घरच्याच माणसानं आणून उभं केलं होतं. तेही हौसेनं!

त्यांनी पटका दिला नाही. डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि पटका डोक्याला गुंडाळायला लागले. पण त्यांना तो बांधता येईना. येणार कसा? त्या घरातला पटका त्रिंबकानंतर कुणाच्या डोक्यावर चढलाच नव्हता. वेढा घट्ट बसेना, शेमला निसटून डोळ्यांवर येई. पोरं फिदीफिदी हसली.

"याड लागलं का बे तात्या?" गहिनीनाथ खेकसला. बापाच्या वयाच्या माणसाला 'बे' म्हणाला, भर चौकात.

सत्यशीलेनं पुढं होऊन निसटलेलं टोक धरलं. "घ्या मामा, आता गुंडाळा." सासऱ्याच्या डोक्याला सुनेचा हात लागला, बायकांनी तोंडाला पदर लावले.

एवढ्यात गाडीचं दार उघडलं. रविराजे फोनवर बोलतच उतरले आणि सरळ मातीतून देवळाकडं निघाले. कापड आहे की नाही, हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बुटांना धूळ लागली, आकाश काही कोसळलं नाही. ज्या भीतीनं एका घराच्या तीन पिढ्या वाकल्या ती एवढीच होती.

मग मात्र गहिनीनाथानं आपलं उपरणं राजांच्या पुढ्यात टाकलं. ते पाहून दुसऱ्यानं टॉवेल टाकला. मग तिसऱ्यानं, मग रांगच लागली. राजे बोलत बोलत त्यावरून गेले.

सुंदरराव घरी आले तेव्हा पटका एका कानावर कलला होता. तो पाहून बायनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आबाचाबी आसाच वाकडा बसायचा," ती म्हणाली.

सुंदरराव चुलीजवळ गेले. सुनेपुढं उभं राहून मान खाली घालून म्हणाले, "पोरी, तुला न इचारता शब्द दिला. लई लाज वाटती मला." सत्यशीलेनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "येत्या ग्रामसभेत ही पायघडी बंद करायचं मांडते मी," ती म्हणाली. "तुमी तेवढं पयला हात वर करा."

"मंग त्यो राजा मातीतूनच गेला का रे?" बायनाबाईनं विचारलं.

"न्हाई आत्या. गहिनीनाथानं उपरणं टाकलं. मंग समद्यांनी आपापलं."

"राजानं मागितलं व्हतं?"

सुंदरराव खाली बसले.

"न्हाई आत्या. औंदाबी कुणी मागितलं न्हाई."