सोळा सालचं शून्य

सेकंड हँड गाड्यांच्या त्या आवारात आम्हाला हवी असलेल्या मॉडेलच्या सात एसयूव्ही होत्या. चार पांढऱ्या, दोन राखाडी, एक मातकट लाल. चौदा सालच्या तीन, पंधराच्या दोन, सोळाची एक आणि सतराची एक. स्टेपनी धरून टायर पस्तीस असायला हवे होते, भरले चौतीस. हॉर्न सहा गाड्यांचे वाजले. सातवीचं हॉर्नचं बटण दाबलं की वायपर फिरायचा.

मामाला लाल आवडली. मामा शाळेत चित्रकला शिकवतो आणि मागची गाडी त्याने रंगावरूनच घेतली होती. निळ्याची काहीतरी दुर्मीळ छटा होती म्हणे. ती छटा तीनदा भर रस्त्यात बंद पडली. तिसऱ्या वेळी मामी डोंगरावरच्या तिच्या बहिणीकडे निघाली होती. ती गाडीतून उतरली, पर्स काखेत मारली आणि मागून आलेल्या बसला हात केला. चढता चढता तिने मामाला सांगितलं, की तुम्ही निवडलेल्या गाडीत मी यापुढे पाय ठेवणार नाही. याला दोन वर्षं झाली. निळी गाडी कधीच गेली. मामी दर महिन्याला बसने बहिणीकडे जाते आणि मामा तिला स्टॉपपर्यंत चालत सोडायला जातो.

"मला गाडीचं एवढं काही नाही गं," मामा मला म्हणाला. "शेजारची सीट भरलेली हवीय. म्हणून या वेळी निवडणार तू."

मी नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते आणि रिकामी होते. मामाच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे अकरा वर्षांची वही होती. त्याने उघडलेलं प्रत्येक इंजिन तिच्यात होतं : गाडीचं साल, किलोमीटर, काय बिघडलं. शेवटच्या रकान्यात कुठे 'चेन', कुठे 'ऑइल खाते' आणि एके ठिकाणी नुसतंच 'मालक'. दोन दुपारी बसून मी आमच्या मॉडेलची इंजिनं वेगळी काढली. एकूण अठ्ठावन्न. चौदा सालची तेवीस, पंधराची एकवीस, सतराची चौदा. सोळाचं एकही नाही.

मी आलेख काढला. सोळाच्या जागी दात पडल्यासारखी फट दिसत होती. मला स्पष्टीकरणही लगेच सुचलं. कंपनीने त्या वर्षी इंजिनात काहीतरी सुधारलं असणार आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा बिघडवलं असणार. सोळाची गाडी नेमकी लालच होती. मामा इतका खूश झाला की त्याने माझ्या आलेखाला सावली देऊन दिली. दुसऱ्या दिवशी सौदा पक्का करायचं ठरलं.

मामी घरी कपडे अल्टर करून देते. काम करताना तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ती कमी बोलते. तिने आलेख पाहिला आणि एकेक करून सगळ्या टाचण्या काढून ठेवल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"लेदरच्या जॅकेटची एकही तक्रार माझ्याकडे आजवर आलेली नाही," ती म्हणाली. "माझ्या मशीनची सुई लेदरमध्ये जातच नाही."

टाचण्या परत तोंडात गेल्या.

सकाळी आम्ही आवाराऐवजी मेस्त्रीकडे गेलो. सोळाची एकही गाडी वहीत का नाही, असं मी विचारलं. त्याने हात पुसले. मग म्हणाला, की त्या एका सालच्या इंजिनाच्या बोल्टला पाच टोकांच्या ताऱ्यासारखं डोकं आहे आणि त्याला पानाही तसाच लागतो. मग एक पाना घ्या की, असं मामाने सुचवलं.

"आहे ना माझा. समोरच्याकडे आहे."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा गॅरेजवाला. एके काळी दोघांची भागीदारी होती. ती मोडली त्या दिवशी तो पाना समोरच्याच्या हातात होता. त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून बोलणं बंद.

"नवीन का नाही आणत?" मी विचारलं.

"नवीन आणला तर जुना त्याचा झाला, असं होईल ना ताई."

आम्ही रस्ता ओलांडला. समोरच्याकडे वही नव्हती, पण मागच्या भिंतीवर खिळ्यांना तुटलेल्या चेन टांगलेल्या होत्या. इंजिनाच्या आत फिरणारी ही चेन सैल झाली की आधी खडखड होते, मग सगळंच थांबतं. प्रत्येकीला मॉडेलची आणि सालाची चिठ्ठी होती. आमच्या मॉडेलमध्ये चौदाच्या पाच, पंधराच्या सहा, सतराच्या नऊ. सोळाच्या एकेचाळीस. "लाल तसाही उन्हात विटतो," मामा म्हणाला.

तेवढ्यावर निकाल द्यायची मला आता भीती वाटत होती. ज्या सालच्या गाड्या जास्त विकल्या गेल्या, त्या बिघडतानाही जास्तच दिसणार. म्हणून रस्त्यावर या मॉडेलच्या कुठल्या सालच्या किती गाड्या आहेत ते मोजायला हवं होतं आणि इथे मामा कामी आला. मागच्या दिव्याच्या वळणावरून तो धावत्या गाडीचं साल सांगायचा. हा दिवा जरा सुजलाय, पंधरा. हा रुसलाय, चौदा. चौकात दोन दिवस बसून आम्ही तीनशे बारा गाड्या मोजल्या. दोन्ही गॅरेजच्या आकड्यांची बेरीज करून भागाकार केला, तर सगळ्यांत कमी बिघाड सतराचा निघाला. आवारात सतराची एकच होती : पांढरी, वायपरवाली. पांढरा हा रंग नसून कोरा कागद आहे, असं मामाचं मत पडलं, पण त्याने गाडी घेतली.

दारात उभी केल्यावर मामीने बाहेर येऊन विचारलं, "निवडली कोणी?"

"दिवे मी ओळखले, भागाकार हिने केला," मामा म्हणाला. "शून्य तू पकडलंस."

मामीने थोडा विचार केला. "म्हणजे मीच निवडली म्हणा की." ती आत जाऊन पर्स घेऊन आली.

मी माझी वही घेऊन मागे बसले. बहिणीचं घर अडतीस किलोमीटरवर, त्यातले शेवटचे अकरा चढाचे. तापमानाचा काटा मध्यावर राहिला. वळणांवर हॉर्नच्या बटणामुळे वायपर सत्तावीस वेळा फिरला. गाडी जाताना एकदा थांबली, बसस्टॉपसमोर, मामीच्या सांगण्यावरून, चार मिनिटं. संध्याकाळी घरी आल्यावर ऑइलची पट्टी पुसून पाहिली : वरच्या खुणेच्या दोन मिलिमीटर खाली. शेजारची सीट भरलेली : शहात्तर किलोमीटरपैकी शहात्तर.